वळणें, परतणें आणि शब्द फिरविणें



वैजापूरच्या बाजारांत एखादी मालमोटार मागें घ्यावयाची असली म्हणजे "रिव्हर्स घे" अशी आरोळी ऐकूं येते, आणि ती देणारा बहुधा इंग्रजीचें एक अक्षरही शिकलेला नसतो. "पुढें टर्न आहे, जपून जा", "पुलाचें काम चाललें आहे म्हणून डायव्हर्शन दिलें आहे", "पुढाऱ्यानें यू-टर्न घेतला", हीं वाक्यें खेड्याच्या पारावरही आतां सर्रास चालतात. ह्या प्रांतीं असले शब्द शाळेच्या वाटेनें फारसे आले नाहींत. सन १९४८ च्या सप्टेंबर महिन्यापर्यंत हा तालुका निजामाच्या राज्यांत होता व दरबारची भाषा उर्दू होती. मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग सन १९०० च्या सुमारास झाला, रोटेगांवास आगगाडी थांबूं लागली, पुढें मोटारी आल्या, आणि त्यांच्याबरोबर हे शब्द आले. ते यंत्रांबरोबर आले खरे, परंतु यंत्रांपुरते राहिले नाहींत. आपण ते माणसांस लावूं लागलों. आणि माणसास लावितांच त्यांत न्यायनिवाडा येतो.

तो निवाडा असा. एखादा मनुष्य कालपर्यंत एका वाटेनें चालत होता व आज त्यानें ती वाट सोडली. हें त्याचें करणें भलें कीं बुरें? एक शेजारी म्हणतो, "तो फिरला." दुसरा म्हणतो, "तो सुधारला." तिसरा म्हणतो, "त्यास कोणीतरी फिरविलें." कृत्य एकच आणि नांवें तीन. ह्यांपैकीं कोणतें नांव केव्हां द्यावें, हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत शिरलेला आहे. कारण आपल्याविषयीं किंवा आपल्या वाडवडिलांविषयीं गांवानें हीं तिन्ही नांवें वापरलेलीं आहेत. म्हणून प्रथम शब्द तपासूं आणि मग माणसांकडे येऊं.

इंग्रजीतील 'टर्न' हा शब्द मुळांत कातारी लोकांचा आहे. ग्रीक भाषेंत 'टॉर्नॉस' म्हणजे वर्तुळ काढण्याचें हत्यार. त्यावरून लॅटिन भाषेंत लांकूड फिरवून कातण्याचा शब्द झाला व तो फ्रेंचांच्या द्वारें इंग्रजींत आला. कातारी लाटणें किंवा बाजेचे खूर कातितो तेव्हां लांकूड गरगर फिरतें, पण जागा सोडीत नाहीं, आणि फिरतां फिरतां त्यास आकार येतो. दुसरें मोठें कुळ लॅटिन 'व्हर्टेरे' ह्या धातूचें. त्याचा अर्थ वळविणें. रिव्हर्स म्हणजे उलट फिरविणें, रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीस जाणें, कन्व्हर्ट म्हणजे पुरतें वळणें किंवा वळविणें, डायव्हर्ट म्हणजे आडवाटेस लावणें, पर्व्हर्ट म्हणजे वांकड्या वाटेस लावणें. हे सर्व एका घरचे भाऊ आहेत. धातु एक, फक्त त्याच्या पुढें जोडलेला उपसर्ग निराळा. जाहिरातीस इंग्रजींत जो 'ॲडव्हर्टाइजमेंट' शब्द आहे तोही त्यांचाच सोयरा, कारण जाहिरात म्हणजे लोकांचें लक्ष आपल्याकडे वळविणें.

ह्या कुळांत शेतकऱ्यास आवडेल अशी एक गोष्ट आहे. लॅटिन भाषेंत 'व्हर्सस' म्हणजे नांगराचें वळणें. त्यावरून नांगराचें तास. आणि त्यावरून लिहिलेली ओळ. कवितेच्या ओळीस व शास्त्राच्या वचनास इंग्रजींत 'व्हर्स' म्हणतात तें तेथून आलें. म्हणजे आपला उपदेशक मंडळीपुढें एक वचन वाचतो तेव्हां तो जणूं एक तासच वाचीत असतो. प्राचीन ग्रीक लोक कधीं कधीं एक ओळ डावीकडून उजवीकडे व पुढची उजवीकडून डावीकडे लिहीत, आणि ह्या रीतीस त्यांच्या भाषेंत 'बैल वळतो तसें' अशा अर्थाचें नांव आहे. आपल्या देशांतही आंध्र प्रदेशांत एर्रगुडी येथें अशोक राजाच्या शिलालेखांत कांहीं ओळी अशाच कोरलेल्या आहेत. आतां दुसरा शब्द पाहा. तापाच्या भरांत मनुष्य बरळतो त्या अवस्थेस डॉक्टर लोक 'डिलिरियम' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ तास सोडून भटकणें. धुऱ्यावर पोंचून बैल वळविणें हें नांगरणीचें अंग आहे, आणि अर्ध्यावर तास सोडणें हें भ्रमिष्टपण आहे. दिशा दोन्ही ठिकाणीं बदलते, पण एकास कोणी दोष देत नाहीं व दुसऱ्याची कोणी वाखाणणी करीत नाहीं.

ही झाली परक्या भाषेची गोष्ट. आतां आपल्या घरचें पाहूं. सन १७८६ मध्यें कलकत्त्यास सर विल्यम जोन्स ह्यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एका मुळापासून निघाल्या असाव्या असें मत मांडलें, व पुढें विद्वानांनीं तें सिद्ध केलें. लॅटिन 'व्हर्टेरे' आणि संस्कृत 'वृत्' हे ह्या नात्यानें सख्खे भाऊ. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, प्रवृत्ति, निवृत्ति हे शब्द ह्या धातूचे आहेत. दिव्याची वात त्याचीच, कारण ती पीळ देऊन वळलेली असते. आपण ज्या वाटेनें चालतों ती वाटही त्याचीच, कारण जुन्या काळीं चाकांच्या फिरण्यानें पडलेली चाकोरी हीच वाट. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मनुष्याच्या चालचलणुकीस आपण जो शब्द योजितों तो 'वर्तन' हा शब्द त्याच धातूचा आहे.

बोलीभाषेनें हेंच पुन्हां निराळ्या शब्दांत सांगितलें आहे. रस्त्याचें वळण, अक्षराचें वळण आणि मुलास लावलेलें चांगलें वळण, हीं तिन्ही आपण एकाच शब्दानें बोलतों. 'वर्तन' आणि 'वळण' हे निराळ्या मुळांचे शब्द. तरी दोहोंचा अर्थ एकीकडे वळणें व एकीकडे सदाचार असा झाला. ह्यांत कांहीं शहाणपण असलें पाहिजे. डोंगरावरून सुटलेला दगड गडगडत खालीं येतो; त्यास गति आहे, परंतु दगडाचें वर्तन चांगलें होतें कीं वाईट असें कोणी विचारीत नाहीं. कारण दगडास वळतां येत नाहीं. जो वळूं शकतो त्याच्याच चालण्यास वर्तन म्हणतात. वळण्याची शक्ति हा नीतीचा कलंक नव्हे. ती नसती तर नीति हा शब्दच निघाला नसता.

परंतु येथें कोणी आक्षेप घेईल, व तो आक्षेप खरा आहे. तो म्हणेल, "मग शब्दास जागणें म्हणजे काय? जामीन राहिलेला मनुष्य उद्यां फिरला तर? साक्षीदार कचेरींत उलटला तर? आपली भाषा 'शब्द फिरविला', 'पाठ फिरविली', 'माणूस पालटला' असें म्हणते तें तिरस्कारानें म्हणते." हें खरें. इंग्रजी भाषाही ह्या बाबतींत सौम्य नाहीं. तींत पक्ष सोडणाऱ्यास 'टर्नकोट' म्हणतात, म्हणजे अंगरखा उलटा करून घालणारा. आपल्या पूर्वीच्या धन्याचा रंग किंवा बिल्ला दिसूं नये म्हणून आंतली बाजू बाहेर करणारा. आपल्या देशांत सन १९६७ मध्यें हरियाणाच्या विधानसभेंतील एका सभासदानें थोड्या दिवसांत अनेकदां पक्ष बदलला, तेव्हांपासून 'आयाराम गयाराम' हा शब्द घरोघर झाला. आणि सन १९८५ मध्यें संविधानांत बावन्नावी दुरुस्ती करून पक्षांतरास आळा घालणारा कायदा करावा लागला. ज्या समाजांत कोणाच्याच शब्दावर भरंवसा ठेवतां येत नाहीं त्या समाजांत उधार मीठही मिळणार नाहीं.

तेव्हां स्थिर राहणें चांगलें कीं वळणें चांगलें, असा प्रश्न घालणेंच चुकीचें आहे. खरा प्रश्न असा कीं, प्रामाणिक वळणें आणि शब्द फिरविणें हीं ओळखावीं कशीं? ह्यासाठीं तीन कसोट्या पुढें ठेवितों.

पहिली कसोटी तोंडाची. मोटार रिव्हर्स घेतात तेव्हां गाडी मागें जाते, परंतु तिचें तोंड पूर्वीच्याच दिशेस असतें. बैलगाडीस ही युक्ति नीटशी साधत नाहीं. बैलांस मागें जावयाचें असेल तर आधीं तोंड वळवावें लागतें. मनुष्याचीं परतणींही ह्या दोन प्रकारचीं असतात. दारूचें व्यसन असलेला मनुष्य खिशांत पैसा उरला नाहीं म्हणून गुत्त्यापासून दूर राहतो. त्याचे पाय मागें आले, तोंड तिकडेच आहे. हंगाम येऊन कापसाचे चार पैसे हातीं येतांच तो गियर बदलतो आणि पुढें जातो. त्यास परतला म्हणूं नये. सरकारी कचेरींत बढती मिळालेल्या कारकुनास पुन्हां खालच्या जागेवर पाठविलें तर "त्यास रिव्हर्ट केलें" असें म्हणतात. तोही मागें गेला, परंतु त्याच्या मनानें कांहीं ठरविलें नाहीं. मागें जाणें आणि वळणें ह्यांत हा भेद आहे.

ह्याच जागीं शास्त्राच्या भाषेचा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं. इब्री भाषेंत 'शूब' हा रोजच्या व्यवहारांतला शब्द आहे. वाट चुकलेला प्रवासी मागें फिरतो त्यास जो शब्द, तोच संदेष्ट्यांनीं देवाकडे फिरण्यास योजिला. नव्या करारांत ग्रीक भाषेचे दोन शब्द येतात: 'मेटानॉइआ', म्हणजे मन पालटणें, आणि 'एपिस्ट्रेफेइन', म्हणजे अंगानें वळणें. आपण त्या पहिल्यास 'पश्चात्ताप' म्हणतों. ह्या शब्दाची फोड केली तर पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप म्हणजे जळणें. इंग्रजी 'रिपेंट' ह्याच्या मुळाशींही खंत करणें हाच अर्थ आहे. दोन्ही भाषांच्या शब्दांत वेदना आहे; वळणें मात्र शब्दांत दिसत नाहीं, तें शिकवावें लागतें. म्हणून मंडळींत डोळ्यांस पदर लावणारा प्रत्येक मनुष्य वळला असें समजूं नये, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी आलें नाहीं पण ज्यानें सावकाराचे बुडविलेले पैसे मुकाट्यानें परत केले, तो वळला नाहीं असेंही समजूं नये. मागाहून जळणारे पुष्कळ. जळून झाल्यावर वाट बदलणारे थोडे.

दुसरी कसोटी खर्चाची. वळण्यास कांहीं मोल पडतें. तें कोण भरतो हें पाहावें. एक उदाहरण घेऊं. एका गृहस्थानें आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीची सोयरीक ठरविली. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, पंचांसमक्ष शब्द दिला गेला. नंतर शाळेच्या शिक्षकानें त्यास समजाविलें कीं मुलीस अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून लग्न लावणें गुन्हा आहे, आणि त्याहूनही, ह्या वयांत बाळंतपण म्हणजे तिच्या जिवाशीं खेळ आहे. आतां गृहस्थ संकटांत पडतो. शब्द मोडावा तर भावकी हंसेल. पाळावा तर मुलगी जाईल. भावकीचें म्हणणें, "शब्द म्हणजे शब्द." हें ऐकावयास फार तेजस्वी वाटतें. पण हिशेब मांडून पाहा. शब्द पाळला तर त्याचें मोल मुलगी भरणार, जिनें शब्द दिलाच नव्हता. शब्द मोडला तर मोल बाप भरणार, ज्यानें तो दिला होता. दुसऱ्याच्या गांठीच्या पैशानें आपली अब्रू राखणें ह्यास बाणेदारपणा म्हणत नाहींत. त्यानें साखरपुड्याचीं वस्त्रें व दागिने परत करावे, वरपक्षाचा झालेला खर्च भरून द्यावा, ज्या पंचांपुढें शब्द दिला त्यांच्याचपुढें हात जोडावे, आणि वळावें.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहा. तोच गृहस्थ, मुलगी सज्ञान असतां व तिला वर पसंत असतां, अधिक बागाईत असलेलें स्थळ आलें म्हणून पहिली सोयरीक मोडील, तर ती अब्रूची हानि दोन निरपराध तरुण जिवांस व वरपक्षास सोसावी लागेल, आणि नफा मात्र त्याच्या पदरीं पडेल. बाहेरून दोन्ही कृत्यें एकसारखीं: सोयरीक मोडली. कसोटीवर एक सोनें ठरतें व दुसरें पितळ. देशाचा कायदासुद्धां असाच वळत आला आहे. सन १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें, १९४९ मध्यें तें पंधरा झालें, १९७८ मध्यें अठरा झालें, व सन २००६ मध्यें पहिला कायदा रद्द करून नवा अधिक कडक कायदा आला. ह्यास कोणी 'सरकारचा शब्द फिरला' म्हणत नाहीं, कारण प्रत्येक वळणावर ज्यांस बोलतां येत नव्हतें त्यांचें ओझें कमी झालें.

तिसरी कसोटी उजेडाची. अंगरखा उलटा करणारा मनुष्य अंधारांत करितो. त्यास पहिला रंग झांकावयाचा असतो. प्रामाणिक मनुष्य दिवसाढवळ्या वळतो, आणि आपण पूर्वी कोठें होतों हें नाकारीत नाहीं. ह्याचें मोठें उदाहरण आपल्या शेजारच्याच तालुक्यांत घडलें. येवल्यास सन १९३५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १३ तारखेस डॉक्टर भीमराव आंबेडकर ह्यांनीं भर सभेंत जाहीर केलें कीं आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं. त्यांनीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली ती सन १९५६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. त्या काळांत त्यांनीं अनेक धर्मांचा विचार केला, आणि आपलीं कारणें व्याख्यानांत व लेखांत उघड मांडलीं, म्हणजे विरोधकांस उत्तर देण्यास जागा राहिली. ते आपल्या मार्गानें आले नाहींत. परंतु तोंड एके दिवशीं वळवून पाऊल पुरत्या विचारानें टाकणें, आणि दोन्ही गोष्टी लोकांच्या डोळ्यांदेखत करणें, हें काय असतें तें त्यांच्या चरित्रांत कोणासही दिसेल.

येथें उपदेशक बंधूंस विशेष लागू पडणारी एक गोष्ट सांगावयाची आहे. इंग्रजी 'कन्व्हर्ट' ह्या शब्दांत एक धोका आहे. त्या भाषेंत मनुष्य स्वतः 'कन्व्हर्ट' होतो, आणि दुसरा त्यास 'कन्व्हर्ट' करितो, शब्द एकच. त्यामुळें अमक्यानें वर्षांत इतकीं माणसें 'कन्व्हर्ट' केलीं असें बोलण्याची व लिहिण्याची रीत पडली. मराठी ह्या बाबतींत अधिक नेमकी आहे. 'वळणें' निराळें आणि 'वळविणें' निराळें. बैल वळवितात. पाणी वळवितात. नाशिक जिल्ह्यांत नांदूर-मधमेश्वर येथें गोदावरीवर बंधारा आहे. तेथून निघालेल्या जलद कालव्यानें वैजापूर व गंगापूर तालुक्यांकडे पाणी वळविलें आहे. शेतांत दारें धरणारा मनुष्य खोऱ्यानें मातीचा बांध फोडतो व पाणी ह्या सरींतून त्या सरींत जातें. 'वळणाचें पाणी वळणावर जाणार' अशी म्हण आहे खरी, पण पाण्यास स्वतःचें मत नसल्यामुळें तें खोऱ्याचेंही ऐकतें. मनुष्य तसा नाहीं. खोऱ्यानें वळविलेला मनुष्य खोरें उचललें कीं आपल्या जुन्या उतारास लागतो. धान्य देऊन, नोकरी दाखवून किंवा भीति घालून ज्यास वळविलें तो वळला नव्हता. तो फक्त वाहिला होता.

गोदेच्या पलीकडल्या तीरावर राहुरी व अहमदनगर येथें ज्यांनीं आयुष्याचा मोठा भाग घालविला ते नारायण वामन टिळक सन १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईस बाप्तिस्मा पावले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं त्यांच्याबरोबर आल्या नाहींत. कांहीं वर्षें त्या माहेरच्या माणसांत दूर राहिल्या. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी लगेच त्यांचा धर्म घेतला नाहीं. सोवळें, जातिभेद, आपलें मन, ह्या सर्वांचा त्यांनीं आपल्या परीनें झगडा केला, आणि मग स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ह्या त्यांच्या ग्रंथांत ही हकीकत ज्यांनीं वाचली आहे त्यांस ठाऊक आहे कीं एका घरांतल्या दोघांचीं वळणें एका दिवशीं व एका वेगानें येत नाहींत. नवऱ्यास तिला ओढून आणतां आलें असतें तरी वळवितां आलें नसतें. वाट दाखविणें हें आपलें काम. वळणें हें ज्याचें त्याचें.

मग शेजाऱ्यांचें काम काय? त्याचेंही उत्तर शेतांतच आहे. नांगरणारा शेतकरी धुऱ्याजवळ थोडी जागा मोकळी ठेवतो, नाहीं तर बैल वळणार कोठें? अरुंद पांदींत शिरलेली गाडी वाट चुकली असें कळलें तरी तेथेंच फिरवितां येत नाहीं. रुंद जागा येईपर्यंत पुढें जावें लागतें. आतां आपल्या तालुक्यांतून मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग गेला आहे. सन २०२२ च्या डिसेंबर महिन्यांत नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला, व सन २०२५ च्या जून महिन्यांत सगळा ७०१ किलोमीटरांचा रस्ता खुला झाला. त्यावर मन मानेल तेथें मागें वळण्यास मनाई आहे. तसें केल्यास समोरून येणाऱ्यांचा जीव जाईल. म्हणून तो बांधणाऱ्यांनीं जांबरगांवासारख्या ठिकाणीं उतरून दिशा बदलण्याची सोय ठेविली आहे. रस्ता कितीही वेगाचा असो, चुकलेल्यास परत येण्याची जागा ज्यांत नाहीं तो रस्ता शहाण्यांनीं बांधलेला नव्हे.

समाजाचेंही तसेंच आहे. जुगार सोडून आलेल्यास "आला मोठा साधु" म्हणून चिडविणारे, कचेरींत दिलेली खोटी साक्ष दुरुस्त करूं पाहणाऱ्यास "उलटला" म्हणून वाळींत टाकणारे, सोयरीक मोडून मुलीस शाळेंत घालणाऱ्या बापाच्या दारावरून जातांना थुंकणारे, हे सर्व धुऱ्यापर्यंत पेरणी करून ठेवणारे शेतकरी आहेत. त्यांच्या शेतांत बैल वळत नाहींत, बांधावर आपटतात. पुष्कळ माणसें वाईट वाटेवर चालत राहतात तीं त्या वाटेच्या आवडीनें नव्हे. वळल्यावर लोक काय म्हणतील ह्या भयानें. अशा माणसाच्या हट्टाचा अर्धा दोष त्याचा आणि अर्धा आपल्या जिभेचा. हरवलेल्या पुत्राचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. पुत्र शुद्धीवर आला, उठला व चालूं लागला. पण तो दूर आहे तोंच बाप धांवत गेला. बापानें धुऱ्यास जागा सोडली होती. वडील भावानें सोडली नव्हती, आणि तो मात्र आयुष्यभर एकाच सरळ तासांत चाललेला होता.

ह्यावरून हा बोध घ्यावा. आपण स्वतः वळण्याचा प्रसंग आला तर आधीं तोंड वळवावें, मग पाय. त्याचें मोल आपल्या पदरचें भरावें. आणि तें उजेडांत करावें. दुसरा वळतांना दिसला तर त्यास घाईनें 'फिरला' म्हणूं नये. तीन कसोट्या लावून पाहावें, आणि त्या लावण्याइतका वेळही त्यास द्यावा. आणि ज्यास वळावयाचें आहे पण धीर होत नाहीं, असा एखादा मनुष्य प्रत्येक गांवांत, बहुधा प्रत्येक घरांत असतो. येत्या आठवड्यांत त्याच्याशीं बोलतांना त्याच्या मागच्या चालीचा उल्लेख न करितां बोलावें. त्यास वळावयास तेवढी जागा पुष्कळ होते.